जाड तारांवरचा वेग

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या एका बापाने ओव्हरटाइमच्या पैशातून मुलाला गिटार घेऊन दिली. १४ एप्रिलला भीमगीतांना साथ करायची, ही पोराची जिद्द. पण चाल जलद झाली, की खर्जाच्या तीन जाड तारांचा नुसता गोंगाट व्हायचा आणि गायकाचे शब्द त्यात बुडायचे. मग उपयोग काय?

आम्ही जवळ बसून पाहिले. तार जाड म्हणून पोरगा जोर लावीत होता. जोराने छेडलेल्या तारेचा झोका मोठा होतो, ती पट्ट्यांवर आपटते. नखी, म्हणजे पिक, खोल जाऊन अडकते ती वेगळीच. नखीचे जेमतेम टोक तारेला लागावे, तेही किंचित तिरके. हालचाल मनगटातून, इवलीशी. एक घाव खाली, एक वर. वरचा घाव बहुधा दुबळा पडतो, म्हणून काही दिवस सुरुवातच त्याने करावी. तळहाताची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवली, की घुमणे आटोक्यात येते. मिनिटाला ६० ठोके, ठोक्याला ४ घाव; ते स्वच्छ निघाल्याशिवाय ६४ वर जाऊ नये. बेंजोवाल्यांना हे न सांगता कळते!

पूर्वी वीणा वाजवणाऱ्या सोण भिक्खूला भगवान बुद्धांनी तारेचाच दाखला दिला होता: फार ताणलेली नको, सैलही नको. पोराला तो सांगितला, तेव्हा कुठे त्याचा खांदा खाली आला.

सध्या तो ७२ ठोक्यांवर आहे. शेजाऱ्यांनी थोडी कळ काढावी.