पहिली गरी

कोकणात लहान मुलाच्या हातात पहिली गरी येते ती बहुधा खाडीच्या धक्क्यावर. गरी म्हणजे गळ आणि गळाने मासे पकडणे म्हणजे गरवणे. मालवण-वेंगुर्ल्याकडे हेच शब्द चालतात. कर्ली, आचरा, तेरेखोल अशा खाड्यांच्या मुखाशी पाणी समुद्राचे, मासेही समुद्राचे. लाट तेवढी बाहेरच्या बाहेर फुटून जाते. धक्क्यावर पाय ठेवायला सपाट जागा असते आणि दोन-तीन वाव पाणी थेट पायाखाली मिळते. शिकायला एवढे पुरते. खडपावरून, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरून, आणि होडीतून गरवणे या पुढच्या इयत्ता.

सातव्या-आठव्या वर्षी मुलाला दोरी बोटात धरून थोडा वेळ स्वस्थ बसणे जमू लागते. त्याआधी नेले तरी हरकत नाही. मात्र तेव्हा मूल गरवण्यापेक्षा धक्क्यावरचे खेकडे पाहण्यात रमते, आणि ते तसेच रमू द्यावे. पहिल्या दिवशी पाऊण तास पुष्कळ झाला. मूल कंटाळल्यावर उठण्यापेक्षा कंटाळण्याआधी उठलेले बरे, म्हणजे दुसऱ्या खेपेला ते स्वतःहून निघते.

दिवस ठरवताना तिथी पाहावी लागते. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी खूप चढते, खूप उतरते, आणि खाडीच्या मुखातून ओढीने वाहते. शिसे तळाला ठरत नाही, दोरी धनुष्यासारखी वाकून बसते आणि माशाचा टोचा बोटापर्यंत पोचत नाही. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाचे पाणी असते. चढउतार कमी, ओढ कमी. नवशिक्या हाताला भांग सोयीचा. चढउताराचा हा आवाका सगळीकडे सारखा नसतो. उधाणाला मुंबईकडे पाणी चार मीटरांहून अधिक वरखाली होते, मालवणकडे त्याच्या साधारण निम्मे.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर आकडा पुन्हा एकपासून धरायचा. मुंबईला हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी पाहून हा गुणाकार मुलालाच करायला द्यावा. मग धक्क्यावर जाऊन पाणी खरोखर कधी फिरले ते घड्याळात बघायचे. हिशेबात आणि पाण्यात पडलेला फरक तिथेच कळतो आणि लक्षातही राहतो. ओहोटी संपून पाणी फिरले की पुढचे दोन तास चांगले. वर येणाऱ्या पाण्याबरोबर मासे नुकत्या बुडालेल्या चिखलावर आणि वाळूवर चरायला येतात.

सरंजाम जितका थोडा तितका बरा. बाजारात आता काठी आणि रीळ सहज मिळते, पण पहिले काही महिने हातगरीच असावी. काठी माशाचा झटका स्वतः पिऊन टाकते. हातगरीत तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, थेट तर्जनीवर असतो आणि तळाशी चाललेले सगळे काही बोटाला कळते. अर्धा मिलिमीटर जाडीचा तंगूस ३० मीटर पुरतो. त्याहून बारीक तंगूस मुलाच्या बोटाला कापतो. तंगूस रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळावा. हाताला किंवा बोटाला वेढा कधीच मारू नये, कारण मोठा मासा लागला तर तो वेढा आवळत जातो. टोकाला ३० ग्रॅमच्या आसपासचे शिसे आणि त्याच्या वीतभर वर आखूड फाट्यावर एकच गळ. दोन गळ लावले की मुलाचा अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

गळांचे क्रमांक नेहमीच्या मापांत उलटे चालतात: आकडा मोठा, गळ लहान. मुडदुशीचे तोंड चिमुकले, तिला आठ-दहा क्रमांकाचा गळ लागतो. हाच मासा मुंबईकडे नगली म्हणून विकला जातो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून घ्यावा. त्याने चार मासे सुटतात हे खरे, पण लागलेला मासा चटकन सोडवता येतो, आणि गळ मुलाच्याच बोटात गेला तर तोही सरळ मागे निघतो. काटा दाबलेला नसेल आणि गळ खोल रुतला असेल तर ओढाओढ न करता डॉक्टरांकडे जावे.

गाठ मुलाने स्वतः मारावी. तंगूस गळाच्या छिद्रातून ओवायचा, मूळ दोरीभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, टोक छिद्राजवळच्या फटीतून परत घ्यायचे आणि ओढायचे. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका तिथेच कच्चा पडतो. मुलांना यातली थुंकी लगेच पटते, कारण मागाहून कळते.

आमिषाला ताजी कोळंबी सगळ्यांत सोपी. मालवणीत तिला सुंगटा म्हणतात. डोके आणि कवच काढून नखाएवढा तुकडा गळावर चढवायचा, गळाचे टोक जेमतेम बाहेर ठेवायचे. मोठा तुकडा लावला की लहान मासे तो कडेकडेने कुरतडून नेतात आणि गळ कोरा वर येतो. तारलीचे तुकडेही चालतात, पण ती मऊ. आदल्या रात्री मीठ लावून ठेवली तर घट्ट होते. शेवटे, म्हणजे रायगडकडची बोय, वरच्या पाण्यात फिरतात. त्यांना कणकेची गोळी आणि बूच लागते. पहिल्या दिवशी मात्र तळाचेच मासे धरावेत.

फेकण्याची घाई करू नये. धक्क्याच्या कडेवरून शिसे सरळ खाली सोडायचे आणि तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजायचे. शिसे टेकले की दोरी एकदम सैल पडते. दोन-तीन जागी असे मोजले की कुठे खोल, कुठे उथळ, कुठे दगड, हे मुलाला न पाहता समजू लागते. वाळूवर शिसे मऊ बसते, दगडावर ठक्क करते, चिखलातून उचलताना किंचित चिकटते. मग दोरी बेताची ताणून तर्जनीवर घ्यायची आणि थांबायचे.

पहिला टोचा आला की मूल हटकून हिसका मारते आणि गळ रिकामा वर येतो. ‘वढू नको, जरा थांब,’ हे वाक्य शेजारी बसलेल्या आजाला त्या दिवशी कितीदा तरी म्हणावे लागते. मुडदुशी भराभर टिकटिक करते. तिसऱ्या-चौथ्या टिकेनंतर मनगट हलकेच वर उचलले तरी पुरते. गोबरा एकच धक्का देतो आणि दगडाच्या कपारीत शिरू पाहतो. तिथे ढिलाई चालत नाही. शेंगटी, म्हणजे शिंगाळा, एकसारखी ओढत राहते. काहीच टोचले नाही आणि दोरी फक्त जड झाली तर खाली बहुधा कुर्ली बसलेली असते. ती आमिषाला धरून सावकाश वर येते आणि पाण्याच्या वर डोकावताच नांग्या सोडून देते. खाली जाळे धरणारा माणूस असेल तरच ती हाती लागते.

मासा वर आला की एक नियम कडक पाळायचा: ओळख पटेपर्यंत मुलाने हात लावायचा नाही. शेंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांशी एकेक असे तीन काटे असतात. ते दातेरी आणि विषारी असून उभे राहिले की तसेच अडकून बसतात. पाकटाच्या शेपटीवर तसाच काटा असतो. काटा लागला तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात, कारण या विषातली प्रथिने उष्णतेने बिघडतात. पाणी मोठ्या माणसाने आधी आपल्या हाताने पाहावे, नाहीतर मूल भाजते. जखमेत तुकडा राहिलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवणे चुकवू नये. केंड हा तिसरा. तो पोट फुगवून चेंडूसारखा होतो आणि मुलांना फार आवडतो, पण त्याच्या पोपटासारख्या चोचीने तंगूसही तुटतो आणि त्याच्या अंगातले विष शिजवूनही जात नाही. तो खाण्याचा मासा नव्हे; पकडीने गळ काढून परत सोडायचा.

निरुपद्रवी मासा ओल्या हाताने धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर रोगाने मरण्याची भीती असते. ठेवायचा की सोडायचा, हे मुलासमोरच ठरवावे. खाडीत मिळणाऱ्या तांबोशीची पिल्ले खाजणात वाढतात आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या खडकाळ समुद्रात जातात. वीतभर तांबोशी म्हणजे बाळ. जिताड्याची, म्हणजे चोणकाची, गोष्ट आणखी वेगळी. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. गोबऱ्यांत याच्या उलट, आधी मादी आणि मग काहींचे नर. महाराष्ट्रात २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून देण्यात आले, त्यामागे हेच कारण आहे: माशाला निदान एकदा वीण घालू द्यावी. मुलाकडे एक फुटपट्टी दिली की हा कायदा ते मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळते.

घरी आणलेला मासा मुलाने मोठ्यांच्या देखरेखीखाली साफ करावा. खवले शेपटीकडून डोक्याकडे निघतात. पोट उघडल्यावर आतडे टाकण्याआधी जठर चिरून पाहावे. मुडदुशीच्या पोटात बहुतेक वेळा किडे आणि बारीक कोळंबी सापडते. पुढच्या खेपेचे आमिष तिथेच ठरते. ढोमा मिळाला असेल तर त्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात. ते त्याच्या कानातले. त्यावरच्या वलयांवरून माशाचे वय काढतात. मग मीठ, हळद, मिरचीपूड, कोकमाचे आगळ, वर रवा, आणि तव्यावर दोन्ही बाजू. दोन मुडदुश्या सहा माणसांत वाटून खाल्ल्या जातात आणि त्या कोणी पकडल्या हे जेवण संपेपर्यंत सांगितले जाते.

धक्क्यावरही काही गोष्टींना सूट नाही. पोहता येत असो वा नसो, मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट हवेत, कारण दगडांवरची कालवे ब्लेडसारखी कापतात. बाजूला माणूस उभा असताना शिसे फिरवायचे नाही. तुटलेला तंगूस पाण्यात टाकायचा नाही. तो कुजत नाही, आणि कासवांच्या आणि पक्ष्यांच्या गळ्यात अडकतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. हातगरीला ती लागू नसली तरी पावसाळ्यात मुलाला पाण्याजवळ नेऊ नये: खाडीला पूर असतो, धक्का शेवाळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तरी दर्या लगेच निवत नाही. मुलांचा हंगाम ऑक्टोबरपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत.

खडपावर नेण्याची वेळ वयावरून ठरत नाही. मुलाने तिथी पाहून पाणी कधी फिरेल ते सांगावे, गाठ स्वतः मारावी, शेंगटी ओळखून हात मागे घ्यावा आणि समुद्राकडे पाठ करून बसू नये. या चार गोष्टी न सांगता घडू लागल्या की मोठ्या माणसाबरोबर, भांगाच्या दिवशी, उतरत्या पाण्यावर मूल खडपावर जाऊ शकते. तोवर धक्का बरा.