रांजणगांव ते सिद्धटेक : सहकुटुंब एक दिवस कारागिरांच्या दारीं

अष्टविनायकांची यात्रा करणारीं कुटुंबें आमच्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतून वर्षभर जात असतात. रांजणगांवचा महागणपति शिरूर तालुक्यांत आहे. सिद्धटेक भीमेच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत असलें तरी त्याची जुनी वाट दौंडकडून शिरापुरावरूनच जाते. या दोन देवळांमधील मुलूख बहुतेकांस मोटारीच्या काचेंतून जेवढा दिसेल तेवढाच दिसतो. यात्रेकरूंस त्याबद्दल दोष देण्यांत अर्थ नाहीं. आपण येथील खातेदार शेतकरी. परंतु आपल्या गांवचें मडकें कसें घडतें, घोंगडी कशी विणली जाते, हें आपल्या मुलांस तरी कोठें ठाऊक आहे? रांजणगांवापासून सिद्धटेकपर्यंतचा एक दिवस केवळ या पाहणीस द्यावा, असें आम्हीं ठरविलें व गेल्या पौषांत वडील माणसें आणि मुलें बरोबर घेऊन तो प्रवास केला. त्या दिवसांत जें पाहिलें व जें मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

अशा पाहणीस इतर देशांत किती मोल देतात, याचें एक उदाहरण प्रथम सांगतों. जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नांवाचें बेट आहे. तेथील किजोका या गांवीं केळीच्या जातीच्या एका झाडाच्या सोपटांतून धागा काढून कापड विणतात. झाडाची लागवड, तोड, सोपटें उकळणें, धाग्याला धागा हातानें जोडणें, हें सर्व गांवांतच होतें, आणि त्यांतील बहुतेक काम स्त्रियांच्या हातचें असतें. जपान सरकारनें १९५० सालीं आपल्या सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९७४ सालीं या विणकामास राष्ट्राचा महत्त्वाचा ठेवा म्हणून मान्यता दिली. त्याच्याही पूर्वीं, १९३६ सालीं, यानागी सोएत्सु या गृहस्थांनीं तोक्यो शहरांत एक संग्रहालय उघडलें. त्यांत राजेरजवाड्यांच्या वस्तू नव्हेत, तर सामान्य लोकांच्या वापरांतील वाडगे, मडकीं, कापड व टोपल्या मांडिल्या. रोजच्या वापरासाठीं निगुतीनें केलेली वस्तु सुंदरच असते, असें त्यांचें म्हणणें होतें. आपल्या शेतकऱ्यास हें म्हणणें सहज पटेल. कारण औत सुबक आहे कीं नाहीं, हें तो औत धरूनच ठरवितो.

प्रवासास काळ निवडावयाचा तो मार्गशीर्ष ते माघ. या दिवसांत गुऱ्हाळें चालू असतात, संक्रांतीच्या सुगडांसाठीं कुंभाराचें चाक फिरत असतें, आणि उन्हाचा त्रास नसतो. आम्ही पहाटे रांजणगांवीं दर्शन घेऊन निघालों व शिरूरवरून न्हावऱ्याकडे वळलों. वाटेंत एका गांवीं कुंभाराच्या अंगणांत थांबलों. तेथें एक वृद्ध कुंभारबाबा व त्यांची सून काम करीत होतीं. तळ्याच्या गाळाची चिकण माती, तींत घोड्याची लीद व राख मिसळून ती पायांनीं तुडविलेली होती. चाकावर मडक्याचें तोंड व गळा आधीं तयार होतो, अंग मात्र जाडच राहतें. तें कांहींसें सुकलें म्हणजे आंतून दगडी गुंडा धरून बाहेरून लांकडी थापीनें ठोकतात, तेव्हां कोठें बूड मिटतें, पोट फुगतें व अंग पातळ होतें. अंग पातळ झाल्यानेंच पाणी बाहेर झिरपून वाऱ्यानें उडतें व आंतील पाणी गार राहतें. आमच्यांतील एका मुलीनें चाकावर हात धरून पाहिला, तों मातीचा गोळा कलंडला. सुनेनें हंसत तिचा हात धरिला व गोळा पुन्हां मध्यावर आणिला. इतकीं थोडींच सुगडें कां केलीं, असें त्या मुलीनें विचारिलें, तेव्हां बाबा म्हणाले, “बाळा, पाहायला माणसं लई येत्यात, पण किती पाहिजेत ते आधी कुणी सांगत न्हाई. सांगितलं म्हंजी माती तेवढी मळता येते.” हें वाक्य दिवसभर आमच्या मनांत राहिलें.

तेथून आम्ही घोडनदीच्या उजव्या तीरावरील इनामगांवीं गेलों. या गांवाचें नांव जगांतील पुराणवस्तुशास्त्राच्या ग्रंथांत आहे, परंतु आपल्याकडील पुष्कळ शेतकऱ्यांस तें ठाऊक नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत येथें उत्खनन केलें. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. झैनुद्दीन अन्सारी व डॉ. मधुकर ढवळीकर हे या कामाचे प्रमुख होते. सुमारें इ. स. पूर्व १६०० पासून इ. स. पूर्व ७०० पर्यंत, म्हणजे नऊशें वर्षें, येथें शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरें उघडकीस आलीं. लोक मुख्यतः जव पिकवीत. त्याबरोबर गहूं, मसूर, वाटाणा, कुळीथ हींही धान्यें सांपडलीं. पुराचें पाणी अडविण्यास दगडमातीचा बांध व पाणी वळविण्यास पाट त्यांनीं केला होता. पांच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारीं धान्याचें कोठार निघालें. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, सुखवस्तु शेतकऱ्यांचीं घरें वस्तीच्या मध्यभागीं, तर कुंभार, सोनार, चुना भाजणारे व हस्तिदंती काम करणारे यांचीं घरें पश्चिमेच्या कडेस होतीं. शेतकरी व कारागीर यांचा शेजार घोडेच्या काठीं इतका जुना आहे.

या कुंभारांचीं भांडीं तांबड्या रंगाचीं, काळ्या नक्षीचीं, चांगलीं भाजलेलीं आणि टिचकी मारल्यास खणखणणारीं असत. संगमनेर तालुक्यांतील जोर्वें गांवावरून त्यांस जोर्वे भांडीं म्हणतात. परंतु इ. स. पूर्व १००० च्या सुमारास येथील दिवस पालटले. पाऊसमान घटलें, असें ढवळीकरांचें अनुमान आहे. शेती खालावली, लोक शिकार व गुरेंमेंढरें यांवर अधिक अवलंबून राहूं लागले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, आणि भांड्यांचें कामही जाडेंभरडें झालें. शेवटीं इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली. शेत आटलें तशी कारागिरीही आटली; दोन्हींचें नशीब एकच होतें. येथें निघालेल्या वस्तू पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत ठेविलेल्या आहेत. त्या आधीं मुलांस दाखवून मग नदीकांठीं आणावें, म्हणजे येथील माती त्यांच्याशीं बोलूं लागेल.

दुपारच्या भाकरीच्या वेळीं एका शेतांत धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढ्या रानांत बसवून खत घेण्याचा व्यवहार आपणां सर्वांस माहीत आहे. परंतु त्याच मेंढीच्या लोकरीकडे आपलें लक्ष नसतें. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आंखूड व राठ. वर्षांतून दोन वेळां ती कातरतात. बायका चालतां बोलतां सूत काढतात, आणि सनगर मागावर पट्टी विणून तीस चिंचोक्याची खळ देतात. काळी घोंगडी रंगविलेली नसते. मेंढीचाच तो रंग. रात्रीं पाणी धरणाऱ्यास तिच्यासारखें पांघरूण नाहीं. यंत्रावर केलेल्या स्वस्त ब्लॅंकेटांपुढें मात्र ती मागें पडली, आणि कातरलेल्या लोकरीस गिऱ्हाईक मिळेना अशी तक्रार त्या धनगरबाबांनीं केली.

पुढें पारगांवापाशीं भीमा ओलांडून आम्ही दौंड तालुक्यांत केडगांवास आलों. येथें पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचें मुक्ति मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील अनाथ मुली व विधवा यांस रमाबाईंनीं आपल्या आश्रयास आणिलें, व १९०० च्या दुष्काळांत ही संख्या पुष्कळच वाढली. नुसतें अन्न घालून त्या थांबल्या नाहींत. विहिरी खणल्या, शेती व बाग केली. मुलींस विणकाम, शिवणकाम, तेल गाळणें, छपाई असे धंदे शिकविले. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून मराठींत केलेल्या बायबलाची छपाई याच छापखान्यांत, स्त्रियांच्या हातीं झाली. त्यांच्या धर्ममतांविषयीं वाचकांचें मत कांहींही असो. दुष्काळांत शेत गेलें तरी हातांतील विद्या माणसास उभें ठेविते, हें केडगांवानें दाखवून दिलें. इनामगांवाहून आलेल्या आम्हांस ती गोष्ट अधिकच जाणवली.

उतरत्या उन्हांत एका गुऱ्हाळावर गेलों. केडगांव, राहू, वरवंड या बाजूस गुऱ्हाळें पुष्कळ आहेत. चरकांतून निघालेला रस काहिलींत पडतो, खालीं चुलवाणांत वाळलेलीं चिपाडें जळतात. रानभेंडीचा रस घातला म्हणजे मळी वर येते. ती काढून टाकतात. पाक होत आला कीं गुळव्या त्याचा थेंब पाण्यांत टाकून बोटांनीं गोळी वळून पाहतो. उष्णमापक यंत्रानें मोजलें तर ही वेळ ११८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास येते. गुळव्या ती डोळ्यांनीं व बोटांनीं ओळखतो. दहा क्विंटल उंसास सुमारें एक क्विंटल गूळ पडतो, आणि क्षणभर चुकल्यास सगळी काहील बिघडते. आम्हीं पाहिलेल्या गुऱ्हाळावरील गुळव्या व जाळ घालणारे उत्तर प्रदेशांतून आलेले होते. ते कुशल आहेत, यांत शंका नाहीं; परंतु आमच्या उंसाचा गूळ करणारा हात आमच्या गांवांत कां उरला नाहीं, याचा विचार आम्हीं करावयास हवा. दुसरें असें कीं, गिऱ्हाइकास पिवळाधमक गूळ आवडतो म्हणून पुष्कळ ठिकाणीं त्यांत हायड्रॉस घालतात. आम्हीं काळसर, निव्वळ भेंडीवर साफ केलेला गूळ मागितला, तेव्हां गुळव्यास आनंद झाला. मागणारा जसा, तशी कारागिरी होते.

सूर्यास्तास शिरापुरावरून भीमा ओलांडून सिद्धटेकीं पोंचलों. पूर्वीं येथें नावेनें जावें लागे; आतां पूल झाला आहे. अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलेल्या त्या देवळाचा चिरा न् चिरा पाथरवटाच्या हातचा आहे, हें त्या दिवशीं मुलांनीं आपण होऊन पाहिलें.

आतां मुख्य मुद्दा. बलुतें होतें तेव्हां कारागिरास खळ्यावर धान्य मिळे आणि वर्षाचें काम ठरलेलें असे. त्या पद्धतींत जातीचा जाच होता, मानहानि होती. ती परत यावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तिच्याबरोबर आगाऊ मागणीही गेली, आणि तिच्या जागीं आपण कांहीं ठेविलें नाहीं. कुंभारबाबांचें म्हणणें हेंच. त्यांस आमची वाहवा नको आहे. आंकडा हवा आहे. तो देणें आपल्या हातीं आहे.

यासाठीं आमच्या चार सूचना आहेत. पहिली : प्रत्येक घरानें सुगडें, घटस्थापनेचे घट, बेंदूर-पोळ्याचे मातीचे बैल, उन्हाळ्याचा रांजण व एक घोंगडी यांची मागणी दोन महिने आधीं, निम्मी रक्कम रोख देऊन नोंदवावी. दुसरी : तळ्याचा गाळ शेतांत नेतांना चांगल्या चिकण मातीची एक खेप कुंभाराच्या दारीं टाकावी. तिसरी : केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेंत कुंभार, सुतार, लोहार आदि अठरा धंद्यांस शिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत हत्यारांसाठीं मदत व कमी व्याजाचें कर्ज ठरविलें आहे, अर्ज भरण्यास शिकलेल्या शेतकऱ्यानें शेजारच्या कारागिरास साह्य करावें. चौथी : मुलांस हातकाम शिकवावें. शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढून हातांनीं काम करीत शिकण्याची पद्धति सुरू केली. तें ठिकाण पाहण्यास निराळा एक दिवस काढावा, व तो वायां जाणार नाहीं.

वाचकांनीं आपापल्या गांवच्या कारागिरांची माहिती, त्यांच्या मालाचा प्रकार व मागणी किती दिवस आधीं द्यावी हें, त्यांची संमति घेऊन आपल्या संघाकडे कळवावें. आश्विनापूर्वीं यादी तयार झाली, तर येत्या संक्रांतीची माती वेळेवर मळली जाईल.