भिजत घोंगडे

ग्रामपंचायतीतला ठराव अडला किंवा भावाभावांतली वाटणी रेंगाळली, की आपण म्हणतो, भिजत घोंगडे पडले आहे. आमच्या घरी हा नुसता वाक्प्रचार नव्हता. बादली खरी, पाणी खरे, आणि मंगळवारी भिजत घातलेल्या धुण्याला गुरुवारी येणारा वासही अगदी खरा. भिजत घालणारा मीच.

मी महाविद्यालयात शिकवतो. वर्गात पन्नास मिनिटे बोलताना माझे लक्ष ढळत नाही. तोच मी चार कपडे पिळून दोरीवर टाकायला विसरतो. पत्नी शाळेत शिक्षिका आहे, ती सकाळी लवकर निघते, म्हणून धुणे माझ्याकडे. संध्याकाळी दारातूनच ती विचारी, “अहो, बादलीतले कपडे?” आणि माझ्या पोटात धस्स होई. एका पावसाळ्यात मुलगी ओलसर गणवेश घालून शाळेत गेली. तिने तक्रार केली नाही. मैत्रिणीला ती एवढेच सांगत होती, “आमचे बाबा विसरतातच.” ते मी ऐकले, आणि चाळिशी उलटल्यावर जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी धुण्याचे राहू दिले आणि शाळेचे विचारले. टोप्या हरवत होत्या का, वह्या अर्ध्या राहत होत्या का? कारण या दोषाची लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावी लागतात. डॉक्टर मंडळी त्याला ‘एडीएचडी’ म्हणतात; आपण अवधान-दोष म्हणू. १९०२ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनाही तो नैतिक संयमाचा दोष वाटला. मग आमच्या आईने मला आळशी म्हटले यात नवल ते काय! पुढे कित्येक वर्षे हा लहानपणाचाच विकार समजला जाई. आज आपल्याला माहीत आहे की, पुष्कळांच्या बाबतीत तो मोठेपणीही राहतो. शंभर प्रौढांत दोन-तीन जण असे असतात, असा अंदाज आहे.

या माणसांजवळ लक्ष असते, पण त्याचा लगाम हाती नसतो. जिथे गोडी, नावीन्य किंवा निकड असेल तिथे ते चौखूर उधळते. ‘थोड्या वेळाने’ असे म्हटलेले काम मात्र मनातून पुसले जाते.

आता धुणे कसे असते पाहा. गोळा करा, भिजवा, घासा, खळबळा, पिळा, वाळत घाला, काढून आणा, घड्या घाला, ज्याचे त्याच्या जागी ठेवा. आपण त्याला एक काम म्हणतो, पण ही नऊ कामे झाली. शिवाय मध्ये थांबायचे: भिजायला अर्धा तास, वाळायला अर्धा दिवस. नेमका त्या थांबण्यात आमचा धागा तुटतो.

माझ्या लहानपणी नळाला सकाळी तासभरच पाणी येई. त्या तासात मी सांगितलेले धुणे बिनचूक उरकत असे, कारण पाणी जाईल ही धास्ती पाठीशी उभी असे. पुढे गच्चीवर टाकी आली, धुण्याचे यंत्र आले आणि माझी घडी विस्कटली. यंत्र झाकण मिटून गुपचूप बसते. दृष्टीआड सृष्टी!

तेव्हा उपाय असा की, ती धास्ती पुन्हा बाहेरून आणायची आणि साखळी आखूड करायची. मी धुणे फक्त बुधवारी आणि रविवारी काढतो, तेही एका दोरीवर मावेल एवढेच. भिजत घालणे मी बंदच केले. मळकी कॉलर साबणाने चोळली की पुरते. यंत्र लावले की मोबाइलचा गजर लावून तो खिशात ठेवतो, आणि कपडे दोरीवर पडेपर्यंत तो बंद करायचा नाही, नुसता पुढे ढकलायचा. शर्ट हँगरवरच वाळतात आणि हँगरसकट कपाटात जातात. मोजे-बनियनांची घडी घालत नाही. प्रत्येकाची एक टोपली आहे. उरलेल्या घड्या रेडिओवरच्या बातम्या चालू असताना. पत्नी तेव्हा शेजारी मटार सोलत बसते. ती मदत करत नाही, पण कोणी सोबत असले की माझे हात चालतात. हे विचित्र वाटेल, पण अशा पुष्कळांचा हा अनुभव आहे.

तरी चुकतेच. ओल्या कपड्यांना जो आंबट वास येतो, त्याच्या मुळाशी ‘मोराक्सेला’ नावाचा जिवाणू असतो, हे २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवले. तो चिवट आहे, कपडा वाळला तरी तग धरतो. म्हणून वास आलेले धुणे तसेच वाळत घालू नये. सुती असेल तर कडक पाण्यात पुन्हा धुवावे.

मी पुरुष, म्हणून माझे विसरणे घरात हसण्यावारी तरी गेले. माझ्या जागी एखादी सून असती तर? तिला गबाळी म्हटले असते, माहेरचा उद्धार झाला असता. मुलींमध्ये हा दोष बहुधा शांत असतो. त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. गुरुजी, बाई, आपल्या वर्गात अशी एखादी हुशार मुलगी रोज वही विसरत असेल तर तिला उभे करण्यापूर्वी तिच्या पालकांशी एकदा बोला. निदान मात्र आपण करू नये, ते डॉक्टरांचे काम. औषधे आहेत, ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यायची. जिल्ह्याला जाणे जमत नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे; क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येते.

आमच्या घरी अजूनही कधी कधी ढीग खुर्चीवर राहतो. पण तो वाळलेला असतो. मुलगी सकाळी त्यातून आपला गणवेश ओढून काढते, उरलेला ढीग जमिनीवर पाडते आणि शाळेत निघून जाते.