उललेल्या हातांचं विज्ञान

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, की वर्गातल्या काही मुलांचे हातपाय पांढरट दिसू लागतात. पोटरीवर नखानं रेघ ओढली तर ती उमटते. काहींच्या हातांना भेगा पडतात, खाज सुटते. अशाच एका सहावीतल्या मुलाला मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “अरे, साबणानं घासून हात धूत जा.” मुलगा शब्द पाळणारा. तो दिवसातून सात-आठ वेळा हात घासू लागला आणि महिन्याभरात त्याच्या बोटांच्या पेरांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, “साबण कमी कर.” मुलगा अस्वच्छ नव्हताच, त्याची त्वचा नाजूक होती. चूक माझी होती. ती नेमकी कोणती, हे कळण्यासाठी आधी त्वचेची रचना पाहू.

विटांची भिंत

त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. तळहात आणि तळपाय सोडले तर त्याची जाडी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा ते पन्नासावा भाग, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही बरीच कमी असते. एवढ्या जाडीत चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक बसलेले असतात. पेशींमध्ये केरॅटिन हे प्रथिन ठासून भरलेलं असतं आणि पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं असे स्निग्ध पदार्थ असतात. पेशी म्हणजे विटा आणि स्निग्ध पदार्थ म्हणजे त्यांना सांधणारा चुना. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ पीटर इलायस यांनी १९८० च्या दशकात ही उपमा रूढ केली.

या भिंतीची कामं दोन. आतलं पाणी आत राखायचं आणि बाहेरची धूळ, रसायनं, जंतू बाहेर ठेवायचे. चुना झडला की दोन्ही कामं बिघडतात. पाणी उडून जातं आणि त्वचा कोरडी पडते. फटींतून बाहेरचे पदार्थ आत शिरतात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांच्याविरुद्ध उठतात आणि त्वचा लाल होते, आग होते, खाजते. आपण खाजवतो, भिंतीला आणखी भोकं पडतात, आणखी खाज सुटते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

काहींची भिंत जन्मतःच कच्ची असते. शृंगस्तराच्या बांधणीत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन महत्त्वाचं आहे. ते पुढे विघटित होऊन पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. या प्रथिनाच्या जनुकात दोष असला की त्वचा कोरडी राहते आणि इसब होण्याची शक्यता वाढते, हे २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं. तेव्हा अशा मुलाला ‘अंगाची काळजी घेत नाहीस’ म्हणणं म्हणजे चष्मा लागलेल्या मुलाला ‘नीट बघत नाहीस’ म्हणण्यासारखं आहे.

साबण नेमकं काय करतो?

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन वैद्यकतज्ज्ञांनी याला ‘आम्लाचं आवरण’ असं नाव दिलं. हे आवरण कामाचं आहे. चुना तयार करणारी विकरं आम्लधर्मी वातावरणात चांगली चालतात. उलट, विटा एकमेकींपासून सोडवणारी काही विकरं सामू वाढला की जोरात कामाला लागतात.

साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. पाण्यात त्यांचा सामू ९ ते १० च्या घरात जातो. म्हणजे साबण एकाच वेळी तीन गोष्टी करतो. मळाबरोबर थोडा चुनाही धुऊन नेतो, नवा चुना होण्याचं काम मंदावतो आणि विटा सुटण्याचं काम वाढवतो. निरोगी त्वचा काही तासांत सावरते. ती सावरायच्या आतच पुन्हा पुन्हा घासलं तर मात्र भिंत झिजतच जाते.

वर्गात दोन प्रयोग करून पाहा. हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवून वाळवा. त्यावर अंगाच्या साबणाचा फेस लावला की तो लालसर होतो. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर हेच होतं, ते घरोघरी पाहिलेलं असतं. शाम्पूनं सहसा रंग बदलत नाही, कारण त्यात साबणाऐवजी दुसरे अपमार्जक असतात. मग साबणाच्या दाट पाण्यात लिंबू पिळा. फेस मरतो आणि पाणी फाटल्यासारखं होऊन पांढरट कण दिसू लागतात. हे कण मेदाम्लांचे. म्हणजेच आम्लात साबण साबण राहत नाही. त्यामुळे वेष्टनावर ‘सौम्य’ लिहिलेलं असलं, तरी वडी खऱ्या साबणाची असेल तर ती अल्कधर्मीच असणार.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी दुष्फेन असेल तर आणखी एक भर पडते. पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका होतो आणि तो त्वचेवर राहतो.

मऊपणा तेलाचा की पाण्याचा?

उललेली त्वचा तेलानं मऊ होते, असं आपण मानतो. १९५२ साली अर्विन ब्लँक या संशोधकानं पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेऊन ही समजूत तपासली. तेलात ठेवलेला तुकडा ताठच राहिला, पाणी शोषलेला मऊ झाला. नखाचे दोन तुकडे वेगवेगळे पाण्यात आणि तेलात ठेवून मुलांना हे पाहता येईल. नखही केरॅटिनचंच असतं.

मग तेल कशाला? पाणी उडू नये म्हणून. अंग कोरडं पडल्यावर तेल चोळण्यापेक्षा आंघोळीनंतर अंग हलकेच टिपून, ते दमट असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावणं जास्त उपयोगी, ते यामुळे.

याच तर्कानं बाकीचे नियमही सुचतात. पाणी कोमट असावं, कडकडीत नको, कारण गरम पाण्यानं चुना लवकर सुटतो. रोज सर्वांगाला साबण फासायची गरज नाही. काखा, जांघा, पाय आणि मळलेले भाग पुरे. जेवणापूर्वी आणि शौचानंतर मात्र साबणानं हात धुतलेच पाहिजेत. ते टाळू नये, पण हात नीट खळबळून धुवावेत, टिपावेत आणि थोडं तेल लावावं. सुवासिक मलमं टाळावीत, कारण सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी अनेकांना असते.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रमच. बिब्ब्याच्या तेलानं अंगावर फोड येतात आणि गाजरगवतानं त्वचा सुजते. ही दोन्ही निसर्गाचीच देणगी. भेगांवर लिंबू चोळणं म्हणजे नुसतं झोंबवून घेणं. नवं मलम आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहावं. दुकानदारानं दिलेलं स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नये. त्यानं त्वचा पातळ होते.

शिक्षकांनी एक फरक लक्षात ठेवावा. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरातल्या इतरांनाही तोच त्रास असेल तर ती खरूज असू शकते. ती संसर्गजन्य असते आणि तिच्यावर लगेच उपचार हवेत. इसब मात्र स्पर्शानं पसरत नाही. त्या मुलाला वेगळं बसवायचं कारण नाही.

आता थंडी सुरू झाली की मी आमच्या वर्गात हात धुण्याच्या जागी खोबरेलाची एक बाटली ठेवतो. हात कोणाचे उललेत, हे मी सगळ्यांदेखत विचारत नाही.