पट्टी हरवलेले इंजिन

गेल्या उन्हाळ्यात भोकरदनला घरी गेलो, तेव्हा विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीसमोर भंगारवाला उभा होता. आत वडिलांचे डिझेल इंजिन, दोन्ही अंगांना परातीपेक्षा मोठी दोन ओतीव चाके. "तीन क्विंटलच्या वर भरेल," तो म्हणाला. भंगार वितळवून सळया करणारे कारखाने जवळच जालन्यात. म्हणजे इथे तोलले की दोन-चार दिवसांत भट्टीत! आई म्हणाली, "एकदा चालू करून पाहा. नाहीच झालं तर देऊन टाकू." भंगारवाल्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

१९७२च्या दुष्काळानंतर वडिलांनी विहीर खोल केली. मोटेने पाणी पुरेना, म्हणून १९७४ साली एका पिठाच्या गिरणीवरचे हे इंजिन जुनेच विकत घेतले. पुढे वीज आली, मोटर बसली आणि इंजिनावर पोती पडली. घरात आम्ही त्याला 'किर्लोस्कर' म्हणायचो. खरे तर आमच्या शिवारात कुठल्याही इंजिनाला किर्लोस्करच म्हणत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा पुण्यातला कारखाना १९४६चा, आणि नाव असे घरोघर झालेले, की साताऱ्याच्या कूपरवाल्यांनाही लोक तेच नाव देऊन मोकळे होत.

या लाडक्या नावानेच मला फसवले. पाच हॉर्सपॉवरचे किर्लोस्कर, असे दुकानात सांगून मी पिस्टनच्या रिंगा घेऊन आलो. मिस्त्रीकाकांनी हेड उतरवले, पिस्टन बाहेर काढला आणि रिंग त्यावर धरली. आईच्या मनगटाला नातीची बांगडी लावावी तसा प्रकार! दुकानदार रिंगा परत घेईना.

"आधी ओळख, मग दुरुस्ती," काका म्हणाले. इंजिनावर पितळी पट्टी असते. तिच्यावर कंपनी, हॉर्सपॉवर, मिनिटाचे फेरे आणि नंबर. आमची पट्टी गिरणीतच गेली असावी. दोन रिव्हेटची भोके तेवढी शिल्लक होती. नाव कोरलेले राहिले की केवढी सोय होते पाहा! सांची आणि भरहूतच्या दगडांवर दात्यांच्या गावाचे नाव 'भोगवर्धन' असे कोरलेले आहे, म्हणून तर आमच्या भोकरदनची ओळख दोन हजार वर्षे मागे नेता येते. अमेरिकेत बागेतले जुने छोटे ट्रॅक्टर जपणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिनावरच्या कोड नंबरातून इंजिन कोणत्या वर्षी, महिन्यात आणि दिवशी तयार झाले तेही कळते. आमच्यापाशी काहीच नव्हते.

काकांनी आईलाच विचारले, "वहिनी, चालायचं तेव्हा आवाज कसा यायचा? सलग टर्रर्र, की एकेक ठोका?"

"एकेक ठोका," आई लगेच म्हणाली. "स्वयंपाकघरात ऐकू यायचा. ठोका थांबला की समजायचं, हे आता जेवायला येतील."

काकांचे अर्धे काम तिथेच झाले. किर्लोस्करचे आपल्याकडे ठाऊक असलेले पाच हॉर्सपॉवरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते, ठोके वेगळे ऐकू येत नाहीत. मग मोजपट्टी लावली. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, पिस्टनची धाव साडेपाच इंच, दोन मोठी चाके. हा इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचा घाट, १९३०च्या सुमाराचा. फेरे अवघे ६५०, आणि दोन फेऱ्यांत एक ठोका. त्याच घाटाची इंजिने पुढे राजकोटच्या कारखान्यांत ओतली गेली. आमचे तिथलेच असावे, असे काकांचे मत पडले.

मग दुरुस्तीला दिशा आली. योग्य रिंगा जालन्यात मिळाल्या. पिस्टनला तेल चोळून इंजिन रात्रभर तसेच ठेवले, दुसऱ्या दिवशी चाक हाताने हळूहळू फिरवले. अशा झोपलेल्या इंजिनाला एकदम हँडल मारणे म्हणजे रिंगा मोडून घेणे. टाकीतला गाळ आणि पाणी काढले, फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली. नोझलची पिचकारी तपासताना काकांनी माझा हात झटकन मागे ओढला. तिचा दाब एवढा, की डिझेल कातडीत शिरते आणि बोट गमावण्याची वेळ येते. घरच्या मुलांना हे जरूर सांगून ठेवा.

या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाची पळी तेलात बुडते आणि ते वर उडवते. पातळी खाली गेली की पळी कोरडीच फिरते, म्हणून रोज तेल पाहणे हाच त्याचा देवधर्म. विहिरीच्या पाण्याने जॅकेटमध्ये चुन्याचा थर धरला होता, तो खरवडला. चाकांच्या चाव्या ठोकून घट्ट केल्या. त्या ढिल्या राहिल्या की धाड धाड आवाज येतो आणि माणूस उगाच बेअरिंगला दोष देतो.

सातव्या दिवशी काकांनी व्हॉल्व्हची दांडी उचलून धरायला सांगितली, हँडल फिरवले, म्हणाले, "सोड!" पहिल्यांदा नुसता पांढरा धूर. तिसऱ्या खेपेला ठोका पडला, मग दुसरा, मग लय लागली. पाणी मात्र आले नाही, फुटव्हॉल्व्ह गळत होता. आई ओट्यावर येऊन उभी राहिली आणि इंजिन बंद होईपर्यंत आत गेली नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला काटा घेऊन हजर! आईने त्याला चहा दिला आणि कोपऱ्यातली जळालेली विजेची मोटर दाखवली. तिच्यासोबत त्या दुकानदाराने परत न घेतलेल्या रिंगाही काट्यावर चढल्या.