पाठीला आधार स्नायूंचा



वार्षिक सर्वसाधारण सभेच्या शेवटी राष्ट्रगीताला उभे राहण्याची सूचना झाली, की मंडपात एक वेगळीच कुजबुज उठते. कुणी पुढच्या खुर्चीला धरतो, कुणी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतो आणि "आई गं" म्हणत अर्धा मंडप हळूहळू सरळ होतो. टनेज, उतारा, कपात यांचा हिशेब आम्ही या पानांतून नेहमीच देतो. आज ज्या पाठीवर हा सारा डोलारा उभा आहे, तिचा हिशेब मांडणार आहोत. ही पाठ आपलीही आहे आणि आपल्या फडात वाकणाऱ्या तोडकऱ्याचीही आहे.

कणा म्हणजे खांब नव्हे

पाठ म्हणजे हाडाचा खांब, असा आपला समज असतो. खरे पाहता मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ असे २४ सुटे मणके उतरंडीसारखे एकावर एक रचलेले असतात. मधे रबरासारख्या गाद्या असतात. १९६१ साली कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला. स्नायू काढून टाकलेला मानवी कणा खाली पक्का बसवला आणि वरून वजन दिले. तो जेमतेम दोन किलोच्या भारालाच कलून वाकला. तोच कणा जिवंत माणसात युरियाचे पोते पेलतो, तो स्नायूंच्या बळावर. जत्रेतल्या तंबूचा खांब जसा चहूबाजूंच्या तणाव्यांवर उभा असतो, तसेच हे आहे. एक तणावा सैल पडला की खांब कलला.

हे तणावे कुठे कुठे आहेत? पाठीच्या मधल्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना हात लावून पाहा. बोटांना दोन जाड दोर लागतात. माकडहाडाच्या वरपासून थेट डोक्यापर्यंत गेलेले हे 'इरेक्टर स्पायनी' स्नायू. वाकलेल्या माणसाला सरळ करणे आणि वाकताना एकदम कोसळू न देणे, ही दोन्ही कामे त्यांची. त्यांच्याही खाली, मणक्यांना चिकटून, लहान लहान स्नायूंच्या तिरक्या पट्ट्या असतात. त्यांना 'मल्टिफिडस' म्हणतात. त्या दिसत नाहीत, पण एकेक मणका जागच्या जागी धरून ठेवतात.

बगलेला, शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत एक चौकोनी स्नायू असतो. एका हातात पाण्याची बादली घेतली की दुसऱ्या बाजूचा हा स्नायू ताणून धरतो, म्हणून आपण कलत नाही. पुढे पोटाला मधोमध उभा स्नायू, बाजूंना एकमेकांना छेद देणारे दोन तिरके थर आणि सर्वांत आत पोटाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा थर. तोडकरी ऊस तोडून बाजूला टाकतो, तेव्हा अंग वळते ते या तिरक्या थरांवर.

हवा भरलेला टायर

या पेटीला वर झाकण आहे ते श्वासपटलाचे आणि खाली तळ आहे तो ओटीपोटाच्या स्नायूंचा. जड उचलताना आपण नकळत दम कोंडतो. तेव्हा सगळीकडून स्नायू आवळतात, पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आतून टेकू मिळतो. टायरगाडीच्या टायरमध्ये हवा असली तरच तो भार पेलतो, तसाच हा प्रकार. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ साली दाखवले, की निरोगी माणूस नुसता हात उचलतो तेव्हाही पोटाचा आडवा थर हाताच्या आधी आवळला जातो. जुनी कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा आवळतो.

पण दाब वर-खाली सगळीकडे पडतो, हे विसरू नये. बाळंतपणानंतर ओटीपोटाचा तळ सैल झालेला असताना बाईने जड मोळ्या वाहिल्या, तर अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. बाळंतिणीला वजन उचलू देऊ नका, हे आपल्या जुन्या बायका सांगत, त्यात शहाणपण होते.

पहारीचा हिशेब

पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर मागे असतात. पुढचे ओझे मात्र हातभर लांब. म्हणजे ही उलटी पहार झाली, जोर लावायचा दांडा आखूड आणि ओझ्याचा लांब. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे आहे. ते अंगापासून ४० सेंटिमीटर दूर धरून उचलले, तर पाठीच्या स्नायूंना सुमारे ३६० किलोची ओढ द्यावी लागते. तेच पोटाशी धरून अंतर २५ सेंटिमीटरवर आणले, तर ती २२५ वर येते. हिशेब ढोबळ आहे आणि वाकलेल्या धडाचा भार यात धरलेला नाही. पोते तेच, पण नुसते जवळ घेतल्याने १३५ किलोची ओढ वाचली. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली बसवलेल्या सूत्रात, अगदी आदर्श परिस्थितीतही एका माणसाने उचलायचे वजन २३ किलो धरले आहे.

वाकून राहिले की काय होते

आता मुख्य मुद्दा. पूर्ण वाकल्यावर पाठीचे मोठे स्नायू जवळजवळ काम थांबवतात. मग अंगाचा भार मणक्यांमधल्या गाद्यांवर आणि मागच्या बंधांवर लोंबतो. वाकणाऱ्याला त्या वेळी बरेही वाटते, कारण स्नायू थकत नाहीत. पण बंध हळूहळू ताणले जातात आणि सरळ झाल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा सैल पाठीने तडक ओझे उचलले, की उसण भरते. भांगलण करून उठलो आणि लगेच पोत्याला हात घातला, कांड्या लावून उठलो आणि लगेच बेण्याचा भारा उचलला, अशाच वेळी कंबर धरल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवेल.

दुसरी गोष्ट पहाटेची. रात्री झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणूस एक-दीड सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जुनी कंबरदुखी असलेल्यांनी सकाळी उठल्यावर पहिले काही तास वाकणे टाळले, तर दुखण्याचे दिवस कमी झाले. तोडकरी मात्र पहाटेच्या थंडीत, अंथरुणातून उठून सरळ फडात वाकतो. तेही जमिनीलगत. कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त, म्हणून बुडापासून तोडा, हा आग्रह आपलाच असतो आणि तो रास्तही आहे. पण उताऱ्याचा तो शेवटचा अंश कुणाच्या तरी वाकलेल्या कमरेतून येतो, एवढे ध्यानात असावे.

उसण भरली तर

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आहे. बऱ्याचशा उसणी काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप उतरतात, म्हणून पायाळूला यश येते. फळीवर आठ-पंधरा दिवस झोपवण्याचा जुना उपाय मात्र मागे पडला आहे. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या तुलनेत, सात दिवस पडून राहायला सांगितलेल्यांपेक्षा दोन दिवस सांगितलेले लवकर कामावर गेले आणि त्यांचे नुकसानही झाले नाही. जड काम बंद ठेवावे, हिंडणे-फिरणे चालू ठेवावे.

आणखी एक. पहिल्या उसणीनंतर दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस बारीक होतो आणि दुखणे थांबले तरी आपोआप भरत नाही, असे आढळले आहे. तणावा सैल राहिला तर खांब पुन्हा कलणारच. त्यासाठी दुखणे ओसरल्यावर रोज दहा मिनिटे द्यावीत. हातपाय टेकून गुरासारखे ओणवे व्हावे, उजवा हात व डावा पाय सरळ करून पाच मोजावे, मग बाजू बदलावी. उताणे पडून, पाय मुडपून कंबर उचलावी. एवढेही पुरते.

मात्र पायाला मुंग्या येऊन जोर गेला, जांघेत बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल, तर मणक्याचा क्षय नाही ना, याची तपासणी करावी.

सभासदांना विनंती

गुडघ्यात वाकावे, ओझे पोटाशी धरावे, वळायचे तर कमरेतून न वळता पाय फिरवावेत. वाकून काम झाल्यावर उठून, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकावे, चार पावले चालावे आणि मगच उचलावे. कमरेच्या पट्ट्यावर विसंबू नये. त्याने इजा टळते, असे सिद्ध झालेले नाही.

शेवटची गोष्ट तोडकऱ्यांची. गाडी लवकर भरावी म्हणून मोळी मोठी बांधायला लावू नका. डोक्यावर घेतलेली मोळी कण्याच्या सरळ रेषेत येते. खरा घात होतो तो जमिनीवरून डोक्यापर्यंत नेताना. म्हणून मोळी लहान असावी आणि डोक्यावर द्यायला जोडीदार असावा. गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर मोळी द्यायची नाही, हे मुकादमाला आपल्या बांधावरच ठणकावून सांगा. यंदा आपल्या फडातली एक मोळी मुद्दाम काट्यावर घालून पाहा आणि तो आकडा वरच्या २३ च्या आकड्याशेजारी ठेवा. उसाचे वजन आपण किलोपर्यंत तपासून घेतो. हे वजनही एकदा तपासावे, एवढीच आमची विनंती.