मुलांच्या मनाचें दुखणें

रत्नागिरीस मनोरुग्णालय शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. परंतु घरांतील मूल बोलेनासें झालें, शाळेच्या नांवानें कांपूं लागलें, तर त्या इस्पितळाच्या धास्तीनें पुष्कळ आईबाप उपचारच टाळतात. ही धास्ती अनाठायीं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें, घराजवळील उपचारांनीं भागत नसेल तरच अल्पवयी मुलास दाखल करतां येतें. तेंहि प्रौढांपासून निराळ्या जागीं व जवळचें माणूस सोबत ठेवून. कारण उघड आहे : मुलाचें मन घर, शाळा व सोबती यांच्यांत घडतें, त्याची शुश्रूषाहि तेथेंच व्हावयास हवी. शिक्षकानें लक्षण ओळखावें, तज्ज्ञानें तपासावें, आईबापांनीं धीर धरावा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.